आमच्या तोंडी तुमचे नाव : सुचवण्या विकणाऱ्यास खुले पत्र

श्री. सुचवणी-विक्रेते यांस,

नमस्कार. त्याआधी 'सप्रेम' लिहायची रीत आहे, पण तुमच्यासाठी तो शब्द लिहायला हात धजत नाही.

भाताची मळणी उरकली त्या सुमारास तुमचा माणूस कान्हे फाट्यावर आमच्या शेतकरी गटाच्या तांदळाच्या दुकानी आला. चहा घेतला, लॅपटॉप उघडला आणि तुमचे दरपत्रक दाखवले. मोबाइलवर कुणी 'इंद्रायणी तांदूळ' एवढे टाइप करायला घेतले की खाली जी यादी उघडते, तिच्यात आमच्या गटाचे नाव आणून बसवण्याचे ते दर होते. 'मावळ तांदूळ'चा दर वेगळा, 'कामशेत तांदूळ'चा वेगळा. यादीत पहिले नाव हवे तर महाग, चौथे चालत असेल तर स्वस्त. पैसे एकदा भरून भागत नाही, महिन्याच्या महिन्याला भरावे लागतात आणि भरणे थांबले की नाव घसरते, हेही त्याने सांगितले. शेवटी तुमच्या मालाचा सगळ्यात मोठा गुण त्याने सांगितला. तो म्हणाला, "ही जाहिरात आहे, हे गिऱ्हाइकाला कळतच नाही."

हे तो अभिमानाने बोलला. पंचविशीतला पोरगा आहे, पोटासाठी गावोगाव फिरतो. हे वाक्य त्याला तुम्ही पाठ करून दिले असणार, म्हणून पत्र तुम्हाला लिहितो आहे. तुमच्या कंपनीचे नाव मी घेत नाही. तुमच्यासारखे अनेक आहेत आणि त्या सगळ्यांनी हे पत्र आपलेच समजून वाचावे अशी इच्छा आहे.

ती यादी कशी तयार होते हे तुम्हाला नीट ठाऊक आहे. म्हणूनच तुमचा अपराध मोठा आहे. केविन गिब्स या गूगलच्या अभियंत्याने तिचे काम सुरू केले. डिसेंबर २००४ मध्ये ती प्रयोग म्हणून लोकांपुढे आली आणि २००८ मध्ये गूगलच्या मुख्य पानावर रुजू झाली. यादीतले शब्द लोकांनी आधी खरोखर शोधलेल्या शब्दांतून निघतात. विचारणारा कोणत्या भाषेत लिहितो, कोणत्या भागातून लिहितो, सध्या कशाची चौकशी वाढली आहे, त्याने स्वतः पूर्वी काय शोधले, हे सगळे त्यात धरतात. या सोयीमुळे टायपिंग सुमारे पाव हिश्शाने कमी होते आणि साऱ्या जगाचे मिळून रोज दोनशेहून अधिक वर्षांचे टायपिंग वाचते, असे कंपनीने २०१८ मध्ये सांगितले होते. ज्यांना मराठी टायपिंग जड जाते त्या आमच्या घरातल्या थोरांना तर त्या यादीचा केवढा आधार! दोन अक्षरे उमटली की पुढचे बोटाने दाबायचे.

त्या दाबण्यात एक विश्वास आहे. जाहिरातीवर 'प्रायोजित' असे लिहिलेले असते, म्हणजे वाचणारा सावध होतो. या यादीवर काहीच लिहिलेले नसते. चार माणसे जे विचारतात तेच इथे दिसते, असे वाचणारा धरून चालतो. त्यामुळे तिच्यात एखाद्या दुकानाचे नाव आले तर त्याला दुकानदार बोलल्यासारखे वाटत नाही, लोक बोलल्यासारखे वाटते. तुम्ही विकता ते नेमके हे लोकांचे बोलणे. लोक बोललेलेच नसतात. त्यांच्या तोंडी शब्द घालून त्याचे भाडे तुम्ही घेता.

हे कसे करता, तेही तुमच्या माणसाने पुरेसे सांगितले, उरलेले आम्ही शोधून काढले. थोड्या थोड्या पैशांवर माणसे नेमायची. त्यांनी आपापल्या फोनवरून 'इंद्रायणी तांदूळ' आणि पुढे ठरलेले नाव असे अक्षर न अक्षर टाइप करायचे, आलेल्या निकालांतून ठरलेल्या दुकानावर जायचे, थोडा वेळ थांबायचे, बाहेर यायचे. माणसे कमी पडली की तेच काम यंत्रांकडून करून घ्यायचे आणि ते शोध पुण्याहून, तळेगावहून, कामशेतहून होत आहेत असे भासवायला मधल्या प्रॉक्सी वापरायच्या. सगळे एका दिवशी केले तर पकडले जाईल, म्हणून दिवसांवर पसरायचे. अमेरिकेत ब्रेंट पेन नावाच्या एका एसईओवाल्याने, म्हणजे शोधनिकालांत नावे वर आणून देणाऱ्याने, हे उघडपणे करून दाखवले होते. अॅमेझॉनच्या मेकॅनिकल टर्क या किरकोळ कामे वाटणाऱ्या संकेतस्थळावरच्या लोकांना किरकोळ पैसे देऊन त्याने आपल्याच नावापुढे 'याने हे फिरवले आहे' अशा अर्थाचे शब्द शोधायला लावले. ते शब्द खरेच यादीत आले आणि नंतर गूगलने काढून टाकले. त्याने निदान स्वतःचे नाव घालून सांगितले. तुम्हाला तेवढेही जमत नाही.

आणि हा चारदोन टवाळांचा उद्योग राहिलेला नाही. इंडियाना विद्यापीठातील संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये यावर शोधनिबंध मांडला. त्यांनी ११ कोटी ४० लाख सुचवण्या तपासल्या आणि वेगवेगळ्या शोधयंत्रांवर मिळून ३ लाख ८३ हजारांहून अधिक सुचवण्या अशा घुसवलेल्या आढळल्या. गूगलपुरते पाहिले तर किमान ०.४८ टक्के. अर्धा टक्का म्हणजे काय मोठेसे, असे तुम्ही म्हणाल. तांदळात दोनशे दाण्यांमागे एक खडा निघाला तर घास तोंडात ठेवता येत नाही, हे भात खाणाऱ्याला सांगावे लागत नाही.

आता मुख्य प्रश्न. मुंबई-पुण्यातली मोठी गिऱ्हाइके सोडून तुम्ही कान्ह्याला का आलात?

वडगाव आणि कामशेत यांच्या मधले आमचे स्टेशन. लोणावळा लोकल थांबते म्हणून बाहेरच्या माणसाला नाव ठाऊक. फाट्यावरून आत वळले, रेल्वेचे फाटक ओलांडले की टाकव्याचा रस्ता लागतो आणि पुढे सगळा आंदर मावळ. तुमच्यासारख्यांनी इथे यावे असे वरवर काही नाही. पण तुमचे गणित पक्के आहे. इंग्रजीत मोठ्या शहराबद्दल रोज लाखो माणसे काही ना काही शोधतात, त्या गर्दीत तुमचे भाड्याचे शोध बुडून जातात, नाव वर आणायला फार खर्च येतो. मराठीत, देवनागरीत, एखाद्या तालुक्याच्या पिकाबद्दल शोधणारे थोडे. तिथे मूठभर खोटे शोधही वजन टाकतात. जिथे खरी माणसे कमी बोलतात तिथे त्यांच्या नावाने बोलणे स्वस्त पडते, हा तुमचा सगळा हिशेब आहे. मराठीत शोधायला आताशा कुठे लोक धजावत आहेत. शेतकरी हवामान विचारतो, बाई बचत गटाच्या कर्जाचे विचारते, पोरगा भरतीचे विचारतो. ही यादी अजून पुरती भरलेलीही नाही, आणि ती भरायच्या आत तुम्ही तिच्यातल्या जागा विकायला काढल्यात. मला सर्वांत जास्त संताप याचा येतो.

तुम्ही विकायला काढलेला शब्दही पाहा. 'इंद्रायणी' हे नाव कुणाही एकाच्या मालकीचे नाही. आमच्या शेजारच्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या संशोधकांनी, आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून हा वाण तयार केला आणि तो १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. आंबेमोहराचा वास आणि त्याहून बरे उत्पन्न, म्हणून तो मावळात घरोघर गेला, पुढे भोर, इगतपुरीपर्यंत गेला. सार्वजनिक पैशातून झालेले काम आहे ते. गुडघाभर चिखलात वाकून आवणी करणाऱ्या बायांनी त्याला नाव मिळवून दिले. पुण्यातली गृहिणी मोबाइलवर 'इंद्रायणी तांदूळ' लिहिते तेव्हा ती या सगळ्याकडे येत असते. मधे तुम्ही उभे राहता आणि ज्याने जास्त भाडे भरले त्याच्या दाराकडे तिला वळवता. तो व्यापारी इंद्रायणीत दुसरे काय मिसळतो याच्याशी तुम्हाला देणेघेणे नाही. ज्याच्याकडे भाड्याचे पैसे नाहीत, त्या शेतकऱ्याचा तांदूळ कितीही चांगला असला तरी तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

नाव मोठे करण्याला माझा विरोध नाही, हे स्पष्ट लिहितो. एखाद्या कंपनीने टीव्हीवर जाहिरात केली, लोकांना ती आवडली आणि त्यांनी आपणहून ते नाव शोधले, तर ते यादीत येणारच आणि यावेच. लोणावळ्याच्या चिक्कीचेही तसेच झाले. नाव तोंडोतोंडी पसरले, पर्यटकाला गावाआधी चिक्की आठवू लागली. पुढे त्याच बाजारात एका गाजलेल्या नावाच्या मागेपुढे एखादा शब्द जोडून पाट्या लागल्या आणि खरे दुकान कोणते हे विचारत लोक फिरू लागले. त्या पाट्यांबद्दल माझे मत बरे नाही. तरी पाटी डोळ्यांना दिसते. तिच्याखाली माणूस बसलेला असतो, त्याला जाऊन जाब विचारता येतो. तुमची पाटी लोकांच्या मनात लागते आणि तिच्याखाली कुणीच बसलेले नसते.

याच मावळात, मळवलीपासून जवळ, कार्ल्याची लेणी आहेत. कधी गेला असाल तर सेल्फी काढून परत आला असाल. पुन्हा जा आणि चैत्यगृहातले खांब पाहा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी खांब दिले त्यांतल्या अनेकांनी आपले नाव आणि गाव त्यावर कोरून ठेवले. धेनुकाकट नावाच्या गावाचे दाते तिथे वारंवार येतात, त्यांत यवनही आहेत. ओसरीत वैजयंतीचा, म्हणजे आजच्या बनवासीचा, भूतपाल नावाचा सेठी आहे. हे शैलगृह आपण पुरे केले आणि ते साऱ्या जंबुद्वीपात उत्तम आहे, असे त्याने दगडात लिहवून घेतले. मोठीच फुशारकी आहे. पण ती त्याच्या नावाने आहे. लोकच असे म्हणतात, असे त्याने कोरले नाही. मावळात येऊन धंदा करणाऱ्या त्या जुन्या सेठीला जी लाज होती ती तुमच्यात असती, तर हे पत्र लिहावे लागले नसते.

तांदळावर गोष्ट थांबली असती तर एक वेळ मी गप्प बसलो असतो. तुमचा माणूस जाता जाता म्हणाला, "हॉस्पिटलांचंही करतो, प्लॉटवाल्यांचंही." प्लॉटचे आमच्या भागात काय चालते ते वेगळे सांगत नाही, पुण्या-मुंबईहून आयुष्याची पुंजी घेऊन येणाऱ्याला चुकीच्या दारी पाठवणे म्हणजे काय, याचा विचार तुम्ही करा. हॉस्पिटलाचे मात्र बोलतोच. कान्ह्याला सरकारी रुग्णालय आहे. आंदर मावळातल्या वाडीवरून पावसाळ्यात रात्री एखाद्याला साप चावलेला माणूस घेऊन निघायचे असते. गाडीत बसलेला पोरगा थरथरत्या बोटाने 'कान्हे हॉस्पिटल' टाइप करतो, पुरते टाइपही करत नाही, खाली जे येईल ते दाबतो. त्या क्षणी त्या जागी भाडे भरलेल्या कुणाचे तरी नाव असेल, दूरच्या एखाद्या दवाखान्याचे, जिथे सापाचे औषध आहे की नाही हेही माहीत नाही. लागलेला उशीर तुमच्या दरपत्रकात कोणत्या रकान्यात भरता? हे भय मी कल्पनेने रंगवतो आहे असे म्हणू नका. वर सांगितलेल्या संशोधनात घुसवलेल्या सुचवण्या भलत्याच मदत-क्रमांकांकडे आणि ठकांच्या पानांकडे नेतानाही आढळल्या होत्या.

दुसरेही एक काम तुम्ही करता, ते तुमच्या माणसाने आवाज खाली आणून सांगितले. प्रतिस्पर्ध्याच्या नावापुढे 'फसवणूक', 'भेसळ', 'तक्रार' असे शब्द आणून देणे. आणि स्वतःच्या नावापुढे लोकांनी खरोखर विचारलेले तसले शब्द गाडून टाकणे. एक शब्द, पुरावा नाही, आरोप करणारा माणूस नाही, पण वाचणाऱ्याच्या मनात किल्मिष कायमचे. जर्मनीत एका कंपनीच्या संस्थापकाच्या नावापुढे 'फसवणूक' हा शब्द असा येत होता. तो कोर्टात गेला. १४ मे २०१३ रोजी तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितले की अशी सुचवणी काहीतरी विधान करते, आणि ती बदनामी करणारी आहे हे कळवल्यावर ती काढणे गूगलला भाग आहे. तो खटला गूगलवर होता. ते शब्द पैसे घेऊन पेरणारा समोर सापडला असता तर त्याच्याबद्दल न्यायाधीश काय म्हणाले असते, याचा अंदाज तुम्हीच बांधा.

कायद्याचे तुम्हाला भय नाही, कारण तुमच्या कामाचे नाव कुठल्या कलमात सरळ सापडत नाही असे तुम्हाला वाटते. तुमच्या गिऱ्हाइकांना मात्र हे वाचून दाखवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत तेरा प्रकार दिले आहेत आणि वेष बदललेली जाहिरात हा त्यांतला एक आहे. ती तत्त्वे विक्रेत्यांना आणि जाहिरातदारांनाही लागू आहेत. म्हणजे उद्या चौकशी झाली तर तुम्ही पत्ता बदलून मोकळे व्हाल आणि तुमच्या शब्दावर विसंबलेला कान्ह्याचा किंवा कामशेतचा दुकानदार पुढे उभा राहील. माझी प्राधिकरणाला वेगळी विनंती आहे : खोट्या परीक्षणांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये मानक केले, तसे खोट्या शोधांचेही नाव नियमात स्वच्छ लिहा.

शोधयंत्राच्या कंपनीलाही यातून सोडता येत नाही. यंत्राने केलेले खोटे शोध तिच्या नियमांत बसत नाहीत, सुचवणी खुपली तर कळवायची सोयही आहे. पण मराठीतल्या सुचवण्यांकडे कोण किती लक्ष देतो? मनात आणले तर या कंपन्यांना करता येते, हे आपल्या देशात दिसले आहे. जन्मापूर्वी लिंग ओळखण्याच्या जाहिरातींविरुद्ध साबू मॅथ्यू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ मध्येच कायदा केला होता. तोच धंदा इंटरनेटवर नव्याने उभा राहिला होता. २०१६ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ठरावीक शब्द आपोआप अडवायचे मान्य केले. मुलींच्या जिवाचा प्रश्न होता म्हणून न्यायालयाने रेटा लावला. भात पिकवणाऱ्यासाठी कुणी रेटा लावणार नाही हे मला कळते. म्हणून आमच्या गटातली पोरे आता मराठीतल्या अशा संशयास्पद सुचवण्या दिसल्या की कळवत राहणार आहेत. तुमच्या गिऱ्हाइकांच्याही.

तुमच्या प्रस्तावावर गटाची बैठक झाली. मोह झाला नाही असे नाही. दोघातिघांचे म्हणणे होते की सगळेच करतात, आपण मागे राहू. त्यांची चूक नाही. हातात तांदूळ पडून असला आणि घरात लग्न निघाले की माणूस असा विचार करतो. शेवटी एका वयस्क बाईंनी विचारले, "आपला भात कुणी मागितलाच नाही तरी मागितला म्हणून सांगायचं, आणि त्याचे पैसे आपणच द्यायचे?" पुढे चर्चा झाली नाही.

त्या पैशांत आम्ही पिशव्या छापतो आहोत. पिशवीवर वाण, गाव, पिकवणाऱ्याचे नाव आणि गिरणीतून काढल्याची तारीख असेल. गूगलच्या नकाशावर दुकानाची खरी वेळ आणि खरे फोटो आम्ही स्वतः टाकले आहेत, त्याला एक पैसा लागला नाही. ज्यांनी भात खाल्ला ते पुढच्या वेळी आमचे नाव टाइप करतील, नाही करणार त्यांना करायला लावणार नाही.

तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्यात. मावळातली ज्यांची नावे तुम्ही भाड्याने वर चढवली आहेत ती उतरवा, आणि आमच्या तालुक्याचे शब्द तुमच्या दरपत्रकातून काढा. तुमच्या माणसाला मात्र आमच्याकडे पाठवून द्या. तो कष्टाळू आहे, मराठी सफाईने टाइप करतो, आणि आमच्या तांदळाची खरी माहिती नीट लिहून देणारे कुणी आम्हाला हवेच आहे. पगार तुमच्यापेक्षा कमी असेल, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

आपल्या उत्तराची वाट न पाहणारा,
इंद्रायणी पिकवणारा एक शेतकरी
कान्हे, ता. मावळ, जि. पुणे